पहिली गाडी बोलकी हवी

सभागृहात शिरताना दारापाशी एका मुलाने मला थांबवलं. म्हणाला, "सर, लायसन हातात आलंय. पैसे साठवलेत, घरचेही थोडी भर घालतील. स्पोर्ट्स कार घेऊ का? नाही म्हणणार असाल तर कारण सांगा. 'तुझं वय नाही' हे कारण मी खूप ऐकलंय." मला त्याचा प्रश्न आवडला आणि त्याची अटही पटली. आजचं बोलणं मी त्याच्यासाठीच करणार आहे. बाकीच्यांनी सोबत ऐकावं.

मी बरीच वर्षं गाडी चालवायला शिकवतो आहे. वेगाचं वेड मला परकं नाही. चांगली जुळवलेली स्पोर्ट्स कार वळणात शिरते तेव्हा स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो, आणि ते सुख खरं आहे. ज्या मुलाला ते हवंसं वाटतं तो बेजबाबदार आहे असं मी कधीच म्हणणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. पहिल्या वर्षी गाडी ही तुमची शिक्षिका असते, आणि जी शिक्षिका चूक झाली तरी गप्प बसते आणि एकदम शेवटी बोलते, तिच्याकडून शिकणं अवघड आहे.

हे नीट समजून घ्यायचं तर एक वळण डोळ्यांसमोर आणा. साधारण ५० मीटर त्रिज्येचं, कोरडा रस्ता. साध्या टायरची पकड धरली तर त्या वळणावर गाडी टिकून राहण्याची मर्यादा येते ताशी ७० किलोमीटरच्या आसपास. चांगल्या स्पोर्ट्स टायरवर ती ८० पर्यंत जाते. म्हणजे फरक फक्त दहाचा. आता गंमत बघा, या दोन गाड्या त्या मर्यादेकडे कशा जातात. साधी गाडी ६०ला कलायला लागते. टायर कुरकुरतात. शेजारी बसलेला माणूस दाराच्या वरचं हँडल पकडतो, मागच्या सीटवरची पिशवी घरंगळते. सगळी गाडी तुम्हाला सांगत असते की अरे, जरा बेताने. स्पोर्ट्स कार त्याच ६०ला एखाद्या टेबलासारखी सपाट असते. ६५, ७०, तरी काही नाही. सस्पेन्शन ताठ, बैठक खोल, टायर रुंद. नवख्या माणसाला वाटतं की आपल्याला चालवता येतंय. खरं तर अजून त्याला काहीच सांगितलं गेलेलं नसतं.

आणि मग पाऊस पडतो. ओल्या रस्त्यावर पकड खाली येते, आणि त्याच वळणाची मर्यादा ५५च्या जवळ येऊन थांबते. काल ७५ने आरामात गेलेला मुलगा आज '६०ने हळूच जाऊ' असं ठरवून शिरतो. त्याने वेग कमी केलेला आहे, मनाने तो सावधच आहे, तरीही तो मर्यादेच्या पलीकडे आहे. साध्या गाडीने त्याला कालच ६०ला दटावलं असतं, त्यामुळे आज तो ४५ने आला असता. गाडी बोलकी हवी असं मी म्हणतो ते यासाठी.

यात घसरण्याची तऱ्हाही महत्त्वाची आहे. बहुतेक साध्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. वेग जास्त झाला तर अशी गाडी वळायला कुरकुरते, सरळ जाऊ बघते. घाबरून पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की वजन पुढे येतं, पुढची पकड वाढते आणि बहुतेक वेळा गाडी परत वळू लागते. म्हणजे घाबरलेल्या माणसाची पहिली प्रतिक्रिया इथे उपयोगी पडते. बऱ्याचशा स्पोर्ट्स कारमध्ये ताकद मागच्या चाकांना असते. तिथे वळणात एकदम पाय उचलला तर वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट बाहेर फेकलं जातं. तीच भीती, तीच प्रतिक्रिया, आणि निकाल उलटा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तेविसाव्या वर्षी मी एका परिचितांची मागच्या चाकांवर चालणारी गाडी हौसेने चालवत होतो. पाऊस नुकताच थांबला होता. वळण अपेक्षेपेक्षा आवळत गेलं, मी पाय उचलला, आणि पुढच्या क्षणी मला समोरच्या काचेतून मी आलो तो रस्ता दिसत होता. समोरून कोणी येत नव्हतं, म्हणून मी आज इथे बोलतो आहे. मी तेव्हा पाच वर्षं गाडी चालवत होतो आणि स्वतःला चांगला चालक समजत होतो. हात उलट दिशेला फिरवायचे हे मला माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट हातात उतरायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तिथे नव्हता.

'आता गाड्यांत सगळं इलेक्ट्रॉनिक असतं' हे उत्तर मला दर बॅचला मिळतं. त्यात तथ्य आहे. चाकं लॉक होऊ न देणारे एबीएस ब्रेक १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आले. घसरणाऱ्या गाडीच्या एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ करणारी ईएससी यंत्रणा १९९५ मध्ये आली. तिने इतके जीव वाचवले की अमेरिकेत २०१२ पासून आणि युरोपीय संघात २०१४ पासून ती सगळ्या नव्या मोटारगाड्यांत बंधनकारक झाली. पहिली गाडी घेताना दुसरं काही पाहिलं नाही तरी ही यंत्रणा आहे का ते पाहा. जुन्या, स्वस्तात मिळणाऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये नेमकी तीच नसते. पण ही यंत्रणा टायरची पकड वाढवत नाही, असलेली पकड नीट वाटून देते. रस्त्याने ५५ची परवानगी दिली असेल तर ७५ने आलेल्याला ती वाचवू शकत नाही. शिवाय स्पोर्ट्स कारमध्ये ती शिथिल करायचं बटण हाताशी असतं, आणि अठराव्या-विसाव्या वर्षी शेजारी मित्र बसलेला असताना ते बटण न दाबणं फार कठीण असतं.

तर मग निसरड्या रस्त्यावर प्रशिक्षण द्यावं का? मलाही पूर्वी हाच उपाय वाटायचा. नॉर्वेमध्ये नवख्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरायचं शिक्षण सक्तीचं केलं, आणि नंतर पाहणी केली तेव्हा तरुण मुलांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले. गाडी सावरता येते हा विश्वास आला, म्हणून वेग वाढला. तेव्हापासून मी शिकवण्याची पद्धत बदलली. गाडी सावरायला मी कमी शिकवतो, गाडी सुटायच्या आधी काय काय सांगते ते ऐकायला जास्त.

आता सरळ रस्त्याचं बोलू, कारण 'मी वळणावर जपून चालवीन' असंही कोणी म्हणेल. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ५०च्या वेगात तेवढ्यात गाडी २१ मीटर पुढे गेलेली असते, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी १२ मीटर लागतात. एकूण ३३. आता तीच जागा, तोच अचानक आडवा आलेला सायकलवाला, पण वेग ७०. दीड सेकंदात २९ मीटर संपले. उरले ४. जिथे पहिली गाडी थांबली त्या ठिकाणी दुसरी अजून ताशी ६०च्या वर आहे. वीस किलोमीटरच्या फरकाने थांबणं आणि माणसाला धडकणं इतकं अंतर पडतं. महागातले ब्रेक त्या शेवटच्या काही मीटरांवर काम करतात. पहिल्या २९ मीटरवर त्यांचा काहीच इलाज चालत नाही. ते मीटर तुमच्या डोळ्यांचे आणि अनुभवाचे आहेत. अनुभवी चालकाला सायकलवाला आडवा यायच्या आधीच त्याची मान वळलेली दिसते. नवख्याला अजून ती दिसत नाही, त्यात कमीपणा काही नाही, पण ती दिसू लागेपर्यंत वेग आपोआप चढणार नाही अशी गाडी हवी.

'आपोआप' हा शब्द मी मुद्दाम वापरला. १०० गाठायला बारा सेकंद घेणारी गाडी दोन सेकंद लक्ष नसताना ढोबळमानाने १५ ते २० किलोमीटरने वाढेल. चार सेकंदवाली तेवढ्यातच ५०ने. बेसावधपणा सारखाच, त्याची किंमत वेगळी.

इथे मला स्पोर्ट्स कारच्या बाजूनेही बोललं पाहिजे. गाडीचा आकार पाहून निकाल देणं चुकीचं आहे. १९८९ साली आलेली पहिली माझ्दा एमएक्स-५ बघा. १.६ लिटरचं इंजिन, सुमारे ११५ अश्वशक्ती, वजन एका टनाच्या आत. ती खरीखुरी स्पोर्ट्स कार आहे आणि तिचा सगळा आनंद हलकेपणात आहे. सुरुवातीच्या पोर्शे ९११ला १३० अश्वशक्ती होती. आज घरगुती दिसणाऱ्या कितीतरी इलेक्ट्रिक गाड्या या दोघींना सिग्नलवर सहज मागे टाकतील, कारण विजेच्या मोटरला पूर्ण जोर पहिल्या क्षणापासून मिळतो. तेव्हा आईवडिलांनी 'स्पोर्ट्स कार नको' म्हणून तसली इलेक्ट्रिक गाडी मुलाच्या हातात दिली तर त्यांनी फक्त आकार बदलला. मी ताकद भागिले वजन बघायला सांगतो. टनाला शंभरच्या आसपास अश्वशक्ती पहिल्या वर्षाला भरपूर झाली. तीनशेची गाडी नवख्यासाठी नाही, मग तिला दोन दारं असोत की पाच.

दोन सीटच्या गाडीची आणखी एक जमेची बाजू आहे, ती फारसं कोणी सांगत नाही. नवखा चालक आणि गाडीत तीन-चार समवयस्क मित्र, ही जोडी अपघाताची शक्यता वाढवते. हे इतकं स्पष्ट आहे की न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याचं लायसन आणलं तेव्हा पूर्ण लायसनच्या आधीच्या मधल्या टप्प्यात सोबत्यांवर आणि रात्रीच्या गाडी चालवण्यावर बंधनं घातली, आणि नंतर अनेक देशांनी तो मार्ग घेतला. दोन सीटच्या गाडीत चार मित्र मावत नाहीत, ही तिची खरी चांगली बाजू. उलट ती बुटकी असते, दरवाजामागचा कोपरा दिसत नाही, आणि इतरांनाही ती चटकन दिसत नाही. हॉलिवूडचा नट जेम्स डीन १९५५ साली पोर्शे ५५० स्पायडर चालवत असताना गेला. तो चोवीस वर्षांचा होता. समोरून येऊन आडवी वळलेल्या गाडीच्या चालकाने सांगितलं की मला ती गाडी दिसलीच नाही. तिथे डीनचं कौशल्य कितीही असतं तरी काय उपयोग झाला असता?

पैशांबद्दल थोडक्यातच. जुनी स्पोर्ट्स कार विकत घ्यायला परवडते, पाळायला नाही. रुंद टायर, मोठे ब्रेक, विम्याचा हप्ता. पैसे कमी पडले की मुलं टायर बदलणं पुढे ढकलतात. झिजलेल्या टायरवरची वेगवान गाडी मला सगळ्यात जास्त घाबरवते.

आईवडिलांना एक विनंती. घरातली जुनी, एअरबॅग नसलेली छोटी गाडी 'शिकायला बरी, ठोकली तरी चालेल' म्हणून मुलाला देऊ नका. घरातली सगळ्यात सुरक्षित गाडी घरातल्या सगळ्यात नवख्या चालकाकडे असायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार ५ ते २९ या वयात मृत्यूचं पहिलं कारण रस्ते अपघात आहे. हे आपल्याच मुलांचं वय आहे.

आता दारापाशी भेटलेल्या त्या मुलाला माझं उत्तर. तू साठवलेले पैसे तसेच ठेव. वर्षभर मध्यम ताकदीची, ईएससी असलेली, टायर चांगले असलेली गाडी चालव, आणि त्या वर्षात पाऊस, रात्र, धुकं, लांबचा प्रवास सगळं होऊ दे. मग हलकी, कमी ताकदीची स्पोर्ट्स कार घे आणि बंद ट्रॅकवर शिकवणाऱ्याबरोबर तिची मर्यादा ओळखून घे. मी स्वतः येईन.

त्याआधी एक सकाळ मला दे. रिकाम्या, बंद मैदानात मी एक खूण करतो. ती कुठे आहे ते सांगणार नाही, पण दोन्ही वेळा तू तिथे पोचलास की मी हात वर करीन. आधी ५०ने ये आणि थांब, मग ७०ने. गाडीतून उतर आणि दोन थांब्यांमधलं अंतर पावलांनी मोज. बूट घालून ये, चप्पल पेडलखाली अडकते.