कोमट पाण्याचा टब

या व्हिडिओत तुम्हाला फक्त हात दिसतील, चेहरा नाही दिसणार. मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, शूट करायचंय तर कर बाबा पण माझं तोंड नको आणि नाव तर नकोच नको. मी म्हटलं अहो लोकांना कळलं तर अजून चार जण पुढे येतील ना, तर म्हणाल्या बायबलमधला मत्तयाचा सहावा अध्याय वाच, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं प्रभूने सांगितलंय आणि तू तर अख्ख्या नाशिकला सांगायला निघालास. मग ठरलं, हातच दाखवायचे.

मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी जेवणं उरकली की मावशी शरणपूर रोडवरून रिक्षाने एका सरकारी दवाखान्यात जातात. पिशवीत एक प्लास्टिकचा टब, दोन जुने टॉवेल, नेलकटर, घासणी, खोबरेल तेलाची बाटली. बस. ज्या पेशंटजवळ कोणी नातेवाईक नाही त्यांचे पाय धुवायचे आणि नखं काढायची, एवढंच काम.

एवढंच म्हणतोय पण बघायला बसलो तेव्हा कळलं यात किती गोष्टी असतात. पेठ, सुरगाण्याकडून आलेली म्हातारी माणसं, आयुष्यभर भातखाचरात अनवाणी राबलेली, टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा, नखं जाड होऊन वाकडी झालेली. तशीच कापायला गेलं तर चिरतात. म्हणून आधी पंधरा-वीस मिनिटं पाय कोमट पाण्यात ठेवायचे. शुगरवाल्यांना मात्र असं भिजवत ठेवायचं नाही, त्यांना कधीकधी पायाला चटका बसलेलासुद्धा कळत नाही, म्हणून पाणी मावशी स्वतःच्या कोपराने बघतात आणि पाय धुवून लगेच बाहेर काढतात. त्यांची नखं त्या कापत नाहीत, नुसती घासतात, आणि तेही सिस्टरला विचारूनच. कापायची असली तर सरळ कापायची, कोपरे आत कोरायचे नाहीत, आणि शेवटी बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. मावशी या बेचक्या पुसायला जेवढा वेळ घेतात ना, तेवढा वेळ मी घरच्या माणसाला तरी देतो का, हा विचार मला तिथे उभं असताना आला आणि अजून गेलेला नाही.

गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी कितीतरी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी होतो. योहानाच्या 13व्या अध्यायात आहे ते, प्रभू येशू जेवणावरून उठला, कंबरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतलं आणि शिष्यांचे पाय धुवायला लागला. त्या काळात हे काम घरातल्या दासाचं. मला तो विधी मनापासून आवडतो, पण खरं सांगू का, आपण सगळे त्या दिवशी घरून पाय स्वच्छ धुऊन जातो.

शरणपूर या नावात शरण आहे, ते उगाच नाही. 1854 मध्ये मिशनरींनी इथे ख्रिस्ती वस्ती वसवली, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथे राहिली, शिकली. त्यातलाच एक जेकब वेनराइट. 1873 मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले, तेव्हा त्यांच्या सोबत्यांनी तो देह महिनोन्महिने चालत, हजार मैलांच्या वर, समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. जेकब त्यांच्यात होता. ज्याची सेवा करतोय तो माणूस आता शाबासकी द्यायलाही नाही, परत फिरलो असतो तर विचारणारं कोणी नव्हतं, तरी उचललं. जेकब लंडनच्या अंत्यविधीपर्यंत पोचला म्हणून त्याचं नाव राहिलं, पण सोबत खांदा देणाऱ्या कितीतरी जणांची नावं आज आपल्याला माहीत नाहीत. मावशींना हे सांगितलं तर म्हणाल्या, देवाला माहीत असतील की.

धर्माचं म्हणाल तर मावशी कोणाला काही सांगायला जात नाहीत. कोणी स्वतःहून म्हटलं तर हात धरून प्रार्थना करतात, नाहीतर आपलं काम करून टब उचलतात. आजारी माणूस अडलेला असतो, अडलेल्याकडून हो म्हणवून घ्यायचं नाही, हे त्यांचं ठाम मत आहे आणि मलाही ते शंभर टक्के पटतं.

आता हा शेवटचा भाग बघा. सुरगाण्याच्या एक आजी, मावशींपेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या. मावशींनी टब खाली ठेवला तशा आजींनी पाय पोटाशी ओढून घेतले, नको गं बाई, पाय नको धरू, मला पाप लागंल. येशूचा शिष्य पेत्रसुद्धा त्याला असंच म्हणाला होता, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. मावशींनी समजावलं नाही की आग्रह केला नाही, थोडा वेळ तशाच बसून राहिल्या. मग पिशवीतली तेलाची बाटली काढून आजींच्या हातात दिली आणि पाठ करून बसल्या, म्हणाल्या आजी, सकाळपासून डोकं दुखतंय हो माझं, जरा तेल लावून देता का?

आजी पहिल्यांदा हसल्या. हात थरथरत होता, अर्धं तेल मावशींच्या पदरावर सांडलं, पण चांगली दहा मिनिटं चोळत होत्या, मधेच म्हणाल्या केस लई गळले गं तुझे. आणि मग कोणी काही न सांगता त्यांनी आपले पाय खाली सोडले.

पाणी तोवर गार झालं होतं. मावशी टब घेऊन परत गरम पाणी आणायला गेल्या.