चढावर दम कुठे अडतो?

[इंदूर, रामबाग. सकाळची वेळ. वाड्याच्या अंगणात पांढरी ॲम्बेसेडर, बॉनेट उघडं.]

ही बाबांची गाडी. ॲम्बेसेडर मार्क ४, डिझेल, १४८९ सीसी, चार सिलिंडर. उत्तरपाड्याच्या कारखान्यातलं ॲम्बेसेडरचं उत्पादन २०१४ साली थांबलं, पण आमच्याकडे आजही नाशिकला आत्याकडे जायचं म्हटलं की हीच निघते. महू, मानपूर, घाट उतरून धामनोद, खलघाटला नर्मदा, मग सेंधवा, शिरपूर, धुळे.

गेल्या खेपेला परतताना मानपूरचा घाट चढताना ती बसली. शहरात काही तक्रार नव्हती. राजवाड्याच्या गर्दीतूनही नीट जायची. पण सलग चढ लागला की दोन-तीन मिनिटांत दम संपायचा. ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला आणि गाडीला ओढ म्हणून नाही. सगळा घाट दुसऱ्या गिअरवर, एका लोड ट्रकच्या मागे काढला.

एका गॅरेजात म्हणाले, नोझलला डिझेल मापून देणारा पंप कमजोर झालाय. पंपाचं सील तोडून डिझेलचं माप वाढवून दिलं. फरक काही पडला नाही. दुसरीकडे तर थेट इंजिन बोअरला आल्याचं, म्हणजे सिलिंडर झिजल्याचं सांगितलं. बाबा "बघू" म्हणाले आणि गाडी घरी घेऊन आले. ते "बघू" म्हणाले नसते, तर चांगलं इंजिन विनाकारण खोललं गेलं असतं.

[इंजिनाचं जवळून दृश्य. नोझलकडे जाणाऱ्या चार लोखंडी नळ्या.]

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पेट्रोलच्या जुन्या इंजिनात मिश्रण आठ-नऊ पट दाबलं जातं, इथे हवा वीसपटीहून जास्त दाबली जाते. त्या दाबाने ती ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापते आणि नोझलमधून उडालेला डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. म्हणजे हवा पुरेशी हवी, ती नीट दाबली जायला हवी आणि डिझेल बरोबर वेळी, बरोबर मापाने यायला हवं. गाडी सुस्त झाली की यातलंच काहीतरी कमी पडलेलं असतं.

बाबांचे मित्र, आमचे काका, उभी हयात पंप आणि नोझलच्या कामात होते. त्यांनी आल्या आल्या पान्याला हात लावला नाही. मला म्हणाले, "तू आत बस, पाय पूर्ण दाब." आणि स्वतः पंपाचा लिव्हर शेवटच्या स्टॉपपर्यंत जातो का ते पाहिलं. कित्येकदा पेडलखाली सरकलेलं मॅट किंवा सैल झालेला दांडाच गाडीचा दम खातो. मग एक फेरी मारून चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. एखादा ड्रम जास्त तापला असता तर ब्रेक धरत होता, म्हणजे इंजिनाचा दोषच नव्हता. दोन्ही ठीक निघालं.

मग धूर. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त: एअर फिल्टर चोंदलेला, नाहीतर नोझल थेंब गाळतेय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा येत राहिला तर टायमिंग (फवाऱ्याची वेळ) मागे पडलंय किंवा कॉम्प्रेशन (हवेवरचा दाब) गेलंय.

"आणि चढावर आपल्या गाडीचा?" काकांनी विचारलं.

धूर जवळजवळ नव्हताच.

काका हसले. "मग तिला जेवायलाच मिळत नाहीये. पंप वाढवून काय होणार?"

[पारदर्शक नळीचं अगदी जवळून दृश्य.]

त्यांनी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी बसवली. इंजिन सुरू केलं. नळीतून पिवळसर डिझेल वाहत होतं. रेस वाढवली, आणि मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक पंपाकडे जाऊ लागले.

सिस्टिम एअर घेत होती. पण जमिनीवर डिझेलचा एक थेंब नव्हता. मला हे कोडंच वाटलं. काकांनी उलगडून सांगितलं: टाकीतून डिझेल खेचणारा छोटा फीड पंप वेगळा असतो, टाकीपासून त्याच्यापर्यंत डिझेल ओढलं जातं. त्या भागात चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. रेस जितकी जास्त, तितकी ओढ जास्त, तितकी हवाही जास्त. म्हणून शहरात कळत नाही आणि घाटात गाडी बसते.

टाकीजवळच्या रबरी नळीला क्लिपच्या खाली बारीक चीर होती. बोटाने वाकवली तेव्हाच दिसली. नळी बदलली, दोन्ही क्लिपा नव्या घातल्या, फिल्टर बदलला, हँड प्रायमरने, म्हणजे हाताने दाबायच्या पंपाने, सगळी एअर काढली. एअर काढताना एक जपावं: इंजिन चालू असताना नोझलच्या नळीवर कधीही हात धरू नये. त्या दाबाचा फवारा कातडीतून आत शिरतो आणि जखम बारीक दिसली तरी इस्पितळ गाठावं लागतं.

[मानपूर घाट. गाडी चढतेय.]

पुढच्या रविवारी मानपूरला गेलो, घाट उतरलो आणि पायथ्याशी वळून परत चढायला लागलो. तिसरा गिअर टिकला. बाबा काही बोलले नाहीत, फक्त काच खाली केली आणि इंजिन ऐकत राहिले.

आरशात मात्र काळा धूर दिसत होता. डिझेल आता पूर्ण मिळत होतं, त्यामुळे गॅरेजात वाढवून दिलेलं माप उघडं पडलं. सोमवारी पंप उतरवला. तो आता काकांच्या जुन्या टेबलावर कॅलिब्रेशनला, म्हणजे डिझेलचं माप पुन्हा नीट लावायला, आहे.