"सर म्हणले म्हणून दिलं"

नमस्कार. समोर सिस्टर बऱ्याच आहेत, मागं ब्रदर लोकं दिसायलेत, मेडिकलवाले आलेत, लॅबची पोरं पण आलीत, बरं झालं, कारण आज जे बोलायचंय ते डॉक्टर सोडून आपल्या सगळ्यांचं आहे. मी एकतीस वर्षं नोकरी केली, बीड, परभणी आणि शेवटी लातूर, आणि प्रत्येक वॉर्डात एक वाक्य ऐकलं, "सर म्हणले म्हणून दिलं". काही कमीजास्त झालं, चौकशी लागली की हेच वाक्य तोंडात येतं, आणि चौकशीत ते टिकत नाही.

पहिले आपल्याच भागातली केस सांगते. १९६३ साल, औरंगाबादचं सरकारी हॉस्पिटल. बाई बाळंतपणाला आली, डिलिव्हरी नीट झाली, मग तीनेक दिवसांनी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन केलं. त्यानंतर ताप, पोटात दुखायलं, काही केल्या उतार पडेना. पुन्हा पोट उघडलं तर आत मॉप, म्हणजे ऑपरेशनमधी रक्त टिपायचं कापड, राहिलेला. बाई त्याच महिन्यात गेली. घरच्यांनी दावा लावला, खालच्या कोर्टानं ३६ हजार मंजूर केले, हायकोर्टानं तो निकाल फिरवला, सुप्रीम कोर्टानं १९९६ ला परत त्यांच्या बाजूनं दिला. तेहेतीस वर्षं गेली हो त्यात! कोर्ट म्हणालं, पोटात मॉप राहतो म्हणजे हलगर्जीपणा झालाच, नेमका कोणाच्या हातून झाला ते सापडलं नाही तरी सरकारनं भरपाई द्यायची.

आता मला सांगा, मॉप मोजायचं काम कोणाचं? ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरचं. पोट बंद करायच्या आधी मोजायचं, मोठ्यानं मोजायचं, बोर्डावर लिहायचं. सर कितीही घाईत असू द्या, पुढची केस टेबलवर यायची असू द्या, "सर, काउंट जुळत नाही" हे चार शब्द बोलायची हिंमत पाहिजे. सर चिडतील, चिडू द्या.

पैशाचं म्हणाल तर १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं दवाखान्याची सेवा ग्राहक कायद्यात आली, आणि नर्सच्या चुकीची भरपाई बहुतेक वेळा दवाखान्याच्या गळ्यात पडते. जिथं सगळ्यांनाच सगळं फुकट आहे तो सरकारी दवाखाना त्यात येत नाही, पण दिवाणी कोर्ट तिथंही आहेच, औरंगाबादची केस तशीच चालली. एवढ्यावर निवांत होऊ नका मात्र. गुन्हा दाखल झाला तर तो ज्याच्या हातून झालं त्याच्या नावावर. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिचं कलम १०६ घरी जाऊन वाचा. हलगर्जीपणानं माणूस गेला तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत. उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून झालं तर दोन वर्षांपर्यंत. ही सवलत मेडिकल रजिस्टरवर नाव असलेल्यांनाच आहे. सिस्टर, फार्मासिस्ट, टेक्निशियन, फिजिओ त्यात नाहीत. मला हे मनापासून अन्यायाचं वाटतं, एकाच खाटेपाशी उभे राहणारे आपण दोघं, पण कायदा आज असाच आहे, आणि आपल्यातल्या किती जणींना माहीतच नाही.

लॅबवाल्यांना एकच सांगते, ब्लड ग्रुपच्या ट्यूबवर लेबल पेशंटजवळ उभं राहूनच लावा, टेबलावर येऊन आठवून नको.

आता इन्सुलिनचं. एका दवाखान्यात रात्रपाळीला नवीन पोरगी होती. नातेवाईकांनी बाहेरून बाटली आणली, ती १०० ची होती, म्हणजे एका मिलीत १०० युनिट, आणि वॉर्डात लाल टोपीची ४० ची सिरिंज, तिच्यावरच्या खुणा एका मिलीत ४० युनिट धरून. ऑर्डर २० युनिटची. पोरीनं सिरिंजवर २० पर्यंत भरलं आणि दिलं. म्हणजे गेले ५० युनिट, अडीच पट! पहाटे पेशंट घामानं चिंब, हाक मारली तर नुसतं बघतोय, शुगर ४२, फारच खाली. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज दिलं, डॉक्टरला उठवलं, माणूस वाचला. सकाळी ती पोरगी माझ्यापाशी येऊन रडायली, आणि तिला कोणीतरी सांगितलेलं की शीटवर खाडाखोड करून टाक, व्हाइटनर लाव. मी म्हणलं, बाई, हात लावू नको. जे दिलं ते, जितकं दिलं तितकं, किती वाजता कळलं, कोणाला फोन केला, सगळं तुझ्या हातानं लिही आणि खाली सही कर. चुकीचा शब्द असेल तर एक रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला टाइम टाक. नातेवाईक दुपारी भांडायला आले, चौकशी बसली. शीटवर ३.१० ला शुगर, ३.१५ ला डेक्स्ट्रोज, ३.२० ला डॉक्टरला फोन, अशी ओळीनं नोंद होती. तिला मेमो मिळाला, नोकरी राहिली. व्हाइटनर लावलं असतं तर त्या वेळा कोणी खऱ्या धरल्या असत्या का?

त्याच आठवड्यात आम्ही सिरिंजचे डबे वेगळे केले, लाल टोपीच्या एकात, केशरी टोपीच्या १०० वाल्या दुसऱ्यात, आणि बाहेरून आलेली बाटली दोघींनी वाचल्याशिवाय भरायची नाही असं ठरवलं. ती पोरगी आता तिथं इन्चार्ज आहे, डबे अजून तसेच ठेवते.