बॅटरी पेटण्याआधी

[दृश्य: कामाच्या टेबलावर उघडलेला बॅटरी पॅक. कॅमेरा सेलच्या ओळींवरून हळूहळू सरकतो.]

हा पॅक एका इलेक्ट्रिक स्कूटरमधून काढलाय. तक्रार एवढीच, की गाडी पूर्वीइतकी लांब जात नाही. पॅकच्या दोन मुख्य तारांवर मोजलं तर 51 व्होल्ट. 48 व्होल्टच्या पॅकसाठी हा आकडा अगदी ठीक. आता तंत्रज्ञ मल्टिमीटरची टोकं सेलच्या एकेका गटाला लावतो. 3.96. पुन्हा 3.96. पुढच्यालाही तेच. सातव्या गटाशी मात्र आकडा 3.50 वर येतो.

तेरा गटांतले बारा धडधाकट, एक आजारी. आणि बेरीज चांगली दिसते. डॅशबोर्डवरच्या टक्केवारीत हा सातवा गट कुठेच नसतो. गाडीवाल्याला कळतं ते फक्त ‘मायलेज कमी झालं’.

[दृश्य: एका सेलचा आडवा छेद, आकृती.]

प्रत्येक सेलच्या आत धातूच्या दोन लांब पट्ट्या गुंडाळलेल्या असतात. त्या एकमेकींना टेकू नयेत म्हणून मध्ये प्लास्टिकचा पडदा. जाडी साधारण 20 मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा पन्नासावा हिस्सा. आणि हे सगळं भिजलेलं असतं ते पेट घेणाऱ्या एका द्रवात. सोनी कंपनीनं 1991 मध्ये लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली. त्यानंतर क्षमता वाढली, वजन उतरलं. पण स्कूटरमधल्या नेहमीच्या सेलमधलं हे द्रव आजही ज्वलनशीलच आहे.

सेल तापत गेला, की साधारण 80 ते 120 अंश सेल्सियसच्या दरम्यान आतला संरक्षक थर तुटायला लागतो आणि त्यातून आणखी उष्णता निघते. 130 च्या आसपास पडदा वितळू लागतो. पट्ट्या एकमेकींना भिडतात, आतल्या आत शॉर्ट होतो. त्याही पुढे धन बाजूचं रसायन स्वतःच ऑक्सिजन सोडतं. आता बाहेरची हवा तोडली तरी उपयोग नाही. उष्णतेतून उष्णता वाढत जाते आणि शेजारचा सेलही त्यात ओढला जातो. तंत्रज्ञ याला ‘थर्मल रनअवे’ म्हणतात. पॅक इथवर आला, की हातात काही उरत नाही. जे करायचं ते त्याच्या कितीतरी आधी, आणि बहुतेक वेळा चार्जरपाशी.

एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी पेटतच नाही, असं विकणारे बेधडक सांगतात. तसं नाही. त्या रसायनात ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, म्हणून ते जास्त तापमान सोसतं आणि भडकलं तरी जोर कमी असतो. पण त्यातून निघणारा वायू पेटतो. बंद जागेत साठला तर स्फोटही होतो.

[दृश्य: दोन चार्जर शेजारी शेजारी. लेबल वाचता येईल इतक्या जवळून.]

हे दोन चार्जर बघा. पिन सारखी, केबल सारखी. लेबलवर मात्र एकावर 54.6 व्होल्ट, दुसऱ्यावर 58.4. पहिला आपल्या तेरा गटांच्या पॅकसाठी. प्रत्येक गटाला 4.2 व्होल्ट. दुसरा सोळा गटांच्या एलएफपी पॅकचा. तो चुकून इथं जोडला, की प्रत्येक गटावर जवळजवळ 4.5 व्होल्ट चढू पाहतात. प्लग बसतो, दिवा लागतो, काहीच विचित्र दिसत नाही.

अशा वेळी वाचवतं ते बीएमएस, पॅकच्या आतलं नियंत्रण सर्किट. कोणताही गट मर्यादेपलीकडे गेला की ते चार्जिंग तोडतं. पण ते तोडतं मॉसफेट नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचनं, आणि हा स्विच जळतो तेव्हा अनेकदा ‘चालू’ स्थितीतच अडकतो. ‘बीएमएस आहे ना, मग कोणताही चार्जर चालतो’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचं. बीएमएस चुकीसाठी ठेवलेलं असतं, रोजच्या वापरासाठी नव्हे.

[दृश्य: काळवंडलेला कनेक्टर.]

आणि हा कनेक्टर. पिवळ्या प्लास्टिकला एका कडेनं तपकिरी छटा आलीय. संपर्क ढिला झाला, की तिथला रोध वाढतो. रोध फक्त 10 मिलिओहम धरा आणि चढावर 40 अँपिअर करंट. त्या एवढ्याशा पिनमध्ये 16 वॅट उष्णता तयार होते. छोटा सोल्डरिंग आयर्न चालू करून सीटखाली ठेवल्यासारखं. गाडी जळाली की सगळे बॅटरीला नावं ठेवतात. सुरुवात पुष्कळदा अशा लूज कनेक्शनपासून झालेली असते. प्लग हाताला गरम लागला, रंग बदलला, जळका वास आला, तर तो घासून पुसून पुन्हा वापरू नका. बदला.

लांबचा प्रवास करून आल्या आल्या चार्जिंगला लावायची घाईही नको. पॅक आतून तापलेला असतो. बाहेरून हात लावून ते कळेलच असं नाही. अर्धा-पाऊण तास सावलीत जाऊ द्या. उलट, शून्य अंशाखालच्या थंडीत चार्ज केलं तर लिथियम पट्टीच्या आत शिरण्याऐवजी धातू होऊन वरच साचतं आणि सेल कायमचा बिघडतो. पॅक पाण्यात बुडाला, गाडी जोरात आपटली, तर ती चालते म्हणून निर्धास्त राहू नका. आतला बिघाड काही दिवसांनीही वर येतो.

दुरुस्तीबद्दल मात्र स्पष्टच बोलायला हवं. एक गट बिघडला म्हणून त्यात नवे सेल घालून जुन्या गटांशी जोडणं हे काम स्वस्त पडतं, आणि नवे-जुने सेल एकत्र नीट चालत नाहीत. जुना आधी भरतो, आधी रिकामा होतो, दर फेरीला ताण त्याच्यावर. सेलवर थेट सोल्डरिंग केलेलं दिसलं तर तो पॅक घेऊच नका. सेल एकमेकांना जोडणारी निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगनंच, म्हणजे क्षणभराच्या विजेच्या झटक्यानं चिकटवून बसवतात, कारण सोल्डरची उष्णता सेलच्या आत पोचते.

[दृश्य: चार्जिंगची जागा. मागे बाहेर जायचं दार.]

चार्जिंग कुठे करता? दारात किंवा जिन्याखाली नको. तिथं आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते.

पॅक फुगला, आतून फसफस किंवा टकटक आवाज आला, गोडसर रासायनिक वास सुटला, पांढुरका धूर निघाला, की बाहेर पडा. त्या धुरात हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइड असू शकतं. गाडी बाहेर ओढायला थांबू नका. जाताना दार ओढून घ्या, अग्निशमन दलाला बोलवा आणि आग लिथियम बॅटरीची आहे हे आवर्जून सांगा. ते भरपूर पाणी मारतात, सेल थंड करण्यासाठी. ज्वाळा गेल्या तरी पॅक तासांनी, कधी दिवसांनीही पुन्हा पेटतो. म्हणून तो उघड्यावर, भिंतीपासून आणि इतर गाड्यांपासून लांब ठेवतात.

टेबलावरचा हा पॅक आता पुन्हा गाडीत जाणार नाही. तंत्रज्ञ दोन्ही टर्मिनलवर टेप लावतो, वर तारीख आणि ‘खराब’ असं लिहितो. तो जाईल ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर. साध्या कचऱ्यात टाकला तर गाडीच्या दाबयंत्रात सेल चिरडतो, आणि मग आग कचऱ्याच्या गाडीला लागते.