मला गाडी लागते

नमस्कार श्रोतेहो.

जून जवळ आला की घरोघरी एकच हिशेब सुरू होतो. मागच्या वर्षीचं दप्तर यंदा निघेल का, थोरल्याचा रेनकोट धाकट्याला होईल का, वह्या डझनावर घेतल्या तर किती सुटतील. हे तुम्हाला मी सांगायला नको. आज बोलायचं आहे ते शाळेबद्दल. हा खर्च शाळा आपल्या बाजूनं कसा कमी करू शकते, याबद्दल. माझी तीस वर्षं सातारा जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत गेली, त्यामुळे बोलणार आहे ते शाळेच्या आतूनच. आणि एक वाक्य आज दोन-तीनदा कानावर पडेल, ते पहिल्यांदा आत्ताच सांगते. सवलत देण्याआधी खर्च कमी करा.

फीचं म्हणाल तर ती लढाई जुनी आहे. 1917 साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आज शिक्षण हक्क कायद्यानं चौदा वर्षांपर्यंत शिक्षण मोफत आहे, अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत फी नाही. पण फी गेली तरी बाकीचं राहतंच. वह्या, बूट, प्रकल्पाचं सामान, स्नेहसंमेलनाचा भाड्याचा पोशाख, सहल. या सहलीचीच एक गोष्ट मला सांगायची आहे.

आठ-नऊ वर्षं झाली असतील. घाटाखालच्या एका बाजारगावात आमची शाळा. माझ्याकडे नववीचा वर्ग, पट बेचाळीस. नोव्हेंबरात सहलीची नोटीस निघाली. रायगड, मुरुड-जंजिरा, अलिबाग, दोन मुक्काम, खासगी आरामबस. माणशी 1350 रुपये. मी वर्गात नोटीस वाचली, संमतीपत्रकं वाटली आणि आठवड्यानं नावं घ्यायला बसले. नाव पुकारायचं, पैसे घ्यायचे, पावती फाडायची. चौथ्या-पाचव्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, मी नाही येत. मला गाडी लागते."

मी तिला मनापासून सल्ला दिला. खिडकीशी बस, सकाळी जड खाऊ नको, आवळासुपारी जवळ ठेव. ती मान हलवत राहिली. "नको बाई, लई उलट्या होतात." बरं म्हटलं आणि तिच्या नावापुढे फुली मारली. मग आणखी एक उठला, "बाई, मलापण गाडी लागते." मग आणखी एक. त्या दिवशी माझ्या वर्गात गाडी लागणारी नऊ मुलं निघाली. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. श्रोतेहो, हे मी आजही विसरलेले नाही. नऊ मुलं, आणि मला काही वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात एका पालकांना भेटायला मला घाटावरच्या वाडीत जायचं होतं. शाळा सुटल्यावर साडेपाचच्या एसटीत बसले. गाडी शाळेच्या मुलांनीच भरलेली. (एसटीबद्दल माझं मत जरा हट्टी आहे. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून या गाडीनं खेड्यातल्या मुलींना जेवढं शिकवलंय तेवढं आम्हा शिक्षकांनीही शिकवलेलं नाही. वाडीवरची गाडी तोट्यात जाते म्हणून ती बंद करतात, तेव्हा तिथल्या मुलींची शाळाच बंद होते. हा हिशेब डेपोच्या वहीत कुठंच लिहिलेला नसतो. असो.)

तर गाडी घाटाला लागली. आणि मागच्या चाकावरच्या बाकावर, जिथं सगळ्यात जास्त हिसके बसतात तिथं, ती माझी विद्यार्थिनी बसलेली. मांडीवर दप्तर, दप्तरावर इतिहासाचं पुस्तक, आणि शेजारच्या चौथी-पाचवीतल्या मुलीला ती मोठ्यानं वाचून दाखवत होती. वळणामागून वळण येत होतं. तिचं बोट ओळीवरून ढळत नव्हतं.

तिसऱ्या वळणावर मलाच मळमळायला लागलं. कपाळाला घाम आला, मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात कुणीतरी हाताला स्पर्श केला. तीच होती. दप्तराच्या पुढच्या कप्प्यातून तिनं चिंचेचा गोळा काढला, मीठ लावलेला, कागदात गुंडाळलेला. म्हणाली, "बाई, हा दाढेत धरा. आन् खाली बघू नका, लांब डोंगराकडं बघा."

मी चिंच तोंडात घातली. तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि तिच्या लक्षात आलं. तिचा हात तसाच कागदावर थांबला.

मी काही विचारलं नाही. कागद परत दप्तरात ठेवताना तिच्या इतिहासाच्या पुस्तकातून एक घडी खाली पडली. सहलीचं संमतीपत्रक. कोरं. ते तिनं घरी दाखवलंच नव्हतं, पुस्तकात खूण म्हणून घातलं होतं. वाडी आली. उतरताना ती माझ्या कानाशी वाकून एवढंच म्हणाली, "बाई, आईला सहलीचं नका विचारू. ती गटातून उचल घेईल."

बचत गटातून उचल. अलिबाग बघण्यासाठी. आणि ती फेडायची दुसऱ्याच्या शेतात भांगलून.

दुसऱ्या दिवशी नऊ नावं घेऊन बसले. त्यातली सात मुलं रोज एसटीनं ये-जा करणारी होती. मी यादी मुख्याध्यापकांपुढं ठेवली आणि म्हणाले, सर, ही सात मुलं रोज घाट उतरून शाळेत येतात आणि यांना गाडी लागते. ते बराच वेळ यादीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "या नऊ जणांचे पैसे आपण शिक्षक भरू." मी म्हटलं, नको. भरले तर सगळ्या वर्गाला कळेल, आणि पुढच्या वर्षी हीच मुलं आणखी एखादं कारण शोधतील. सवलत देण्याआधी खर्च कमी करा, सर.

पालकसभा बोलावली. काहींना कोकणच हवं होतं, थोडी बोलाचाली झाली. शेवटी ठरलं ते असं. शैक्षणिक सहलीला एसटी निम्म्या भाड्यात गाडी देते, ती घ्यायची. एक दिवस, मुक्काम नाही. भाकरी ज्याची त्यानं बांधून आणायची. माणशी 180 रुपये. सज्जनगड, अजिंक्यतारा आणि साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांची समाधी.

बेचाळीसच्या बेचाळीस मुलं आली. गाडी एकालाही लागली नाही. समाधीपाशी मी मुलांना सांगितलं, की कर्मवीरांच्या वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून पोरांना जेवू घातलं होतं. आईनं उचल घेऊ नये म्हणून गप्प बसलेली माझी विद्यार्थिनी पहिल्याच रांगेत उभी होती. तिनं नंतर विचारलं, "बाई, मग ते त्यांनी परत केलं का?" मला उत्तर देता आलं नाही.

घड्याळाकडे बघते तर वेळ बराच गेलाय. बाकीचं भराभर सांगते.

पहिलीपासून आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, समग्र शिक्षा योजनेत दोन गणवेशांसाठी 600 रुपये धरलेले असतात. 600 रुपयांत दोन जोड शिवून कोण देतं ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून शाळेनं गणवेश साधा ठेवावा, कुठल्याही दुकानात मिळेल असा रंग निवडावा आणि वर्षावर्षाला बदलू नये. शनिवारचा वेगळा पांढरा ड्रेस तर बंदच करावा. नववीला मोफत पुस्तकं थांबतात. खर्चाची खरी उडी तिथं असते आणि शाळेचं लक्ष नेमकं तिथंच कमी असतं. तिथं पुस्तकपेढी हवी. दहावीचा शेवटचा पेपर झाला की पुस्तकं जमा, जूनमध्ये नवीन मुलांना वाटप. पुस्तकपेढी सगळ्या वर्गासाठी ठेवा. गरीब मुलांसाठी म्हणून वेगळी काढलीत तर कुणी त्या कपाटाकडे फिरकणार नाही.

वह्यांची उरलेली कोरी पानं एप्रिलमध्ये गोळा करून शिवून घेतली, तर सरावाच्या वह्या फुकट होतात. पहिली-दुसरीला पाटी-पेन्सिल द्या. पाटी पुसता येते, मूल चुकायला घाबरत नाही आणि अक्षर वळणदार होतं. अक्षराकडे हल्ली कुणाचं लक्षच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि वर्गात उभं राहून कधीही विचारू नका, की "ज्यांना जमणार नाही त्यांनी हात वर करा." पुन्हा सांगते. मुलाला हात वर करायला लावू नका. ज्याला खरंच जमणार नसतं, त्याचा हात वर होत नाही. त्याला गाडी लागते, त्याच्या पोटात दुखतं, त्याची आजी आजारी पडते.

शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या बायका असतात. त्या समितीवर तुमच्यापैकी कुणी असाल, तर सामानाची यादी जूनमध्ये दुकानात लागण्याआधी एप्रिलच्या सभेत मागा. एकेक ओळ वाचा आणि विचारा, हे कशाला लागतं. सहलीची नोटीस काढण्याआधी वर्गशिक्षकांना विचारा, वर्गात गाडी लागणारी मुलं किती आहेत. आणि त्यातली रोज एसटीनं येणारी किती.

नमस्कार.