ओल उतरेपर्यंत

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदी, जिला नागपूरकर एरवी सरळ नालाच म्हणतात, काठावरच्या वस्त्यांत शिरली. अंबाझरी लेआउटपासून सीताबर्डीच्या मोरभवन बसस्थानकापर्यंत पाणीच पाणी झाले होते, आणि ज्याच्या दुरुस्तीची ही गोष्ट आहे ते, नदीपासून थोड्याच अंतरावर असलेले लहानसे चॅपलही त्यातून सुटले नाही. पाणी ओसरल्यावर मंडळी, म्हणजे येथे उपासनेला येणारा ख्रिस्ती समुदाय, जमली, तेव्हा बाकांच्या बैठकीपर्यंत गाळ चढला होता, गायनाची पुस्तके फुगून एकमेकांना चिकटली होती आणि पेटीचा भाता चिखलाने भरला होता.

ही मंडळी स्कॉटिश मिशनच्या परंपरेतली आहे. या मिशनचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले, त्यांनी येथे शाळा काढली, या परिसरातील खडकांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास केला, आणि 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून त्यांचा अंत झाला. शहरातील हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. पुरानंतरच्या पहिल्या रविवारी शेजारच्या शाळेच्या सभागृहात उपासना भरली, तेव्हा पाळकसाहेबांनी हिस्लॉप यांच्या या अंताची आठवण करून दिली, आणि लगेच फावडी कोणाकडे आहेत याची विचारणा केली.

गाळ काढायला फार दिवस लागले नाहीत. खरे दुखणे नंतर दिसू लागले. महिने उलटले तरी भिंती वाळेनात. उलट ओल हळूहळू वर चढत गेली, रंगाचे पोपडे सुटले आणि विटांवर क्षारांचा पांढरा थर दिसू लागला. मूळ इमारतीचे जोते काळ्या दगडाचे आणि भिंती चुन्यात बांधलेल्या विटांच्या होत्या. अशी भिंत पाणी शोषते आणि ऊन पडले की तेच पाणी हवेत सोडूनही देते. परंतु मधल्या काळात कधीतरी, इमारत पक्की व्हावी या चांगल्या हेतूने, तिच्यावर दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा आणि आतून ऑइल पेंट चढवण्यात आला होता. पाणी आत शिरले, पण बाहेर पडायला वाट उरली नाही. पुराने चॅपलचे नुकसान केले हे खरेच, मात्र ते भरून येऊ दिले नाही ते जुन्या डागडुजीने, असे आम्हाला हे काम पाहताना वाटत राहिले.

म्हणून पहिले काम काढण्याचे होते, लावण्याचे नव्हे. उन्हाळाभर कारागीर छिन्नी-हातोडीने सिमेंट उतरवत होते. यंत्र लावले असते तर वेळ वाचला असता, पण जुन्या विटाही सिमेंटबरोबर निघून आल्या असत्या. त्यानंतर उघड्या भिंती नुसत्या वाळू दिल्या. नागपूरचा उन्हाळा, ज्याला आपण सगळेच नावे ठेवतो, येथे उपयोगी पडला.

गिलाव्याचा चुना हौदात तयार होतो. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात टाकताच उसळतो, वाफा येतात आणि सगळे निवले की मऊ, लोण्यासारखा विरलेला चुना तळाशी राहतो. त्यात वाळू आणि विटांची सुरखी, म्हणजे भुकटी, मिसळून घाण्यात, म्हणजे चुना मळायच्या चक्कीत, मळायचे, आणि जुने गवंडी सांगतात त्याप्रमाणे गुळाचे व बेलफळाचे पाणी घालायचे. मिस्त्री थापीवर थोडा चुना घेतो आणि थापी उभी धरतो. चुना घसरला तर घाणा पुन्हा फिरतो, चिकटून राहिला तरच तो भिंतीवर जातो. सिमेंट काही तासांत पकड घेते. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषत महिनोन्महिने घट्ट होत जातो आणि तोवर त्याला फार लवकर सुकू देऊन चालत नाही. त्यामुळे गिलावा पावसाळा संपल्यावर धरला आणि भिंतींवर ओली गोणपाटे टांगून ठेवली. ती भिजवण्याची पाळी संडे स्कूलच्या मुलांनी आपणहून मागून घेतली.

या संथपणावर मंडळीत सर्वांचे एकमत होते असे नाही. घरात लग्न ठरलेल्यांना चॅपल हवे होते आणि सभागृहात लग्न लावणे त्यांना पटत नव्हते. सिमेंटनेच उरकून टाका, असेही पाळकीय समितीच्या सभेत बोलले गेले. ही तक्रार गैर होती असे म्हणता येणार नाही. प्रश्न पैशांचाही होता, कारण चुन्याचे काम जाणणारे मिस्त्री आता मोजकेच आणि त्यांची मजुरी जास्त. वर्गणी झाली, महिला मंडळाने खाद्यपदार्थांचे स्टॉल लावले, पण लक्षात राहतो तो हंगामाच्या सणाचा, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या दिवसाचा, लिलाव. अर्पण म्हणून आलेले एक कोहळे बोली लावून घेतले गेले, घेणाऱ्याने ते तेथेच पुन्हा अर्पण केले, पुन्हा बोली लागली, आणि असे ते इतक्यांदा फिरले की शेवटी भाजी कोणाकडे शिजली हे विचारायचेच राहून गेले.

छपरावरची फुटकी मंगलोरी कौले बदलली, वाळवी लागलेल्या सागवानी वाशांचा कुजलेला भाग कापून तेवढाच नवा तुकडा सांधला. बाक धुऊन, सावलीत वाळवून परत जागेवर आले.

नाताळापूर्वीच्या आगमनकाळातील एका रविवारी बिशपांनी बंद दारावर काठीने ठोठावले, दार उघडले, आणि मंडळी पेटी-तबल्याच्या साथीने गात आत आली. बायबलमधील स्तोत्र 122 वाचले गेले, वेदीचे पुनःसमर्पण झाले, प्रभुभोजन झाले. पेटी नवी होती. जुनीचा भाता काही दुरुस्त होऊ शकला नाही.

नदीकडच्या भिंतीचा खालचा पट्टा अजून गिलाव्याविना ठेवला आहे, कारण तेथील ओल पूर्ण उतरलेली नाही, आणि पुढचा पावसाळा पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये असा मिस्त्रींचा आग्रह आहे. समितीनेही तो मान्य केला असून, मृगाच्या आधी पन्हळी आणि आवारातील गटार साफ करण्याचे काम तरुण संघाच्या नावावर नोंदवहीत लिहून ठेवले आहे.