वेळूच्या बनातल्या दोघी

नमस्कार श्रोतेहो. आज एका जपानी भुताच्या सिनेमाबद्दल बोलायचंय. नाव 'कुरोनेको', म्हणजे काळं मांजर. साल १९६८, दिग्दर्शक कानेतो शिंदो. सिनेमा कृष्णधवल आहे आणि ते बरंच आहे, कारण यातला अंधार रंगीत फिल्मवर असा उतरला नसता.

सुरुवातीला कितीतरी वेळ कुणी अवाक्षर काढत नाही. वेळूच्या बनाकडेला एक झोपडी. बनातून सामुराईंची टोळी बाहेर येते, ओहोळाला तोंड लावून पाणी पिते आणि झोपडीत शिरते. आत सासू-सून दोघीच. त्यांचं अन्न ही माणसं ओरबाडून खातात, दोघींवर अत्याचार करतात, झोपडी पेटवतात आणि आल्यासारखीच बनात निघून जातात. मागे उरलेल्या प्रेतांपाशी एक काळं मांजर येतं आणि त्यांना चाटू लागतं.

मला विचाराल तर या सिनेमातली खरी भीती इथेच आहे. भुतं अजून यायचीत.

ती भेटतात क्योतोच्या राजोमोन वेशीपाशी. रात्री घोड्यावरून चाललेल्या सामुराईला पांढऱ्या वस्त्रातली एक तरुणी अडवते. बनातून एकटीनं जायची भीती वाटते, घरापर्यंत सोबत करा, म्हणते. घरी सासू अदबीनं साके, म्हणजे तांदळाची दारू, पुढे करते. थोड्या वेळानं सून त्याच्या नरडीला दात लावते. मग दुसरा सामुराई, तिसरा, चौथा. सासूचं काम नोबुको ओतोवा यांनी केलंय. त्यांचं सावकाश चालणं आणि वळणं थेट 'नो' या जपानच्या जुन्या पारंपरिक नाटकातून आलेलं. मध्येच तारांच्या आधारानं हवेत कोलांट्याही आहेत. त्या आज थोड्या भाबड्या वाटतात, पण चालतंय.

हे मुडदे पडू लागल्यावर सामुराईंचा म्होरक्या राइको आपल्या नव्या वीराला भुतांच्या बंदोबस्ताला पाठवतो. हा वीर म्हणजे गिंतोकी. तो मूळचा शेतकरी. त्याला बळजबरीनं लढाईवर नेलेलं, तिथून तो शत्रूच्या सरदाराचं मुंडकं घेऊन परतलेला. आणि त्या दोघी म्हणजे त्याची आई आणि बायको! त्यांनी शपथ घेतलीय, दिसेल त्या सामुराईचं रक्त प्यायचं. या शपथेत घरच्या माणसाला सूट नाही.

शिंदो हे कुठून लिहितात ते कळायला त्यांचं आयुष्य थोडं ठाऊक हवं. जन्म १९१२ चा, हिरोशिमा प्रांतातल्या शेतकरी घरातला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनाही नौदलात ओढलं गेलं. त्यांच्या तुकडीतल्या शंभरांपैकी सहाच जण वाचले. तेव्हा गावातून माणूस उचलून त्याचा योद्धा कसा करतात, हे त्यांना पुस्तकात शोधावं लागलं नाही.

बायको शपथ मोडते. सात रात्री नवऱ्याजवळ राहते आणि त्याची किंमत म्हणून नरकात जाते. आई मात्र शपथेला धरून राहते. इथं शिंदो एक जुनी दंतकथा उचलतात. खऱ्या इतिहासातल्या राइकोचा सरदार वातानाबे नो त्सुना यानं राशोमोन, म्हणजे याच राजोमोन वेशीवर राक्षसाचा हात तोडला आणि तो राक्षस म्हातारीचं सोंग घेऊन हात परत न्यायला आला, अशी ती गोष्ट. सिनेमात तो हात आईचा आहे, तोडणारा तिचा मुलगा, आणि तेही म्होरक्याच्या हुकमापायी.

हा सिनेमा १९६८ च्या कान महोत्सवात स्पर्धेला होता. पण त्या मे महिन्यात फ्रान्समध्ये आंदोलनं पेटली आणि महोत्सव अर्ध्यावरच गुंडाळला गेला.

पुढचं सांगत नाही. उत्तरार्ध मला जरा लांबलेला वाटतो, पण तोडलेला हात मागायला आई येते तो प्रसंग चुकवू नका. नमस्कार.